तीनशे चौऱ्याऐंशी ठिपक्यांचा माणूस

जालन्याच्या एमआयडीसीत माझं लेबलांचं दुकान आहे. बियाण्यांच्या पाकिटांवरची भेंडी, मिरची, वाटाणा. वजनकाट्याच्या पावत्यांची पुस्तकं. अधूनमधून एखाद्या मिलचा फ्लेक्स. दिवसभर कोरल नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये बसायचं. कोरलमधली भेंडी बोटाएवढी छापा नाहीतर ट्रकच्या फाळक्याएवढी, तिची कड कुठेच फाटत नाही, कारण ती ठिपक्यांची नसतेच, गणिती रेषांची असते. बावीस वर्षं अशी भेंडी काढल्यावर माणसाला वाटायला लागतं की आपल्याला चित्र काढता येतं.

मग एक दिवस भाचा आला. तो इथल्याच एका रोलिंग मिलमध्ये इलेक्ट्रिक मेन्टेनन्सला आहे आणि रात्रपाळी नसेल तेव्हा गोडो नावाच्या फुकट मिळणाऱ्या इंजिनवर व्हिडिओ गेम बनवतो.

"मामा, एक माणूस काढून द्या. सोळा बाय चोवीस."

"इंच?"

"ठिपके."

सोळा आडवे, चोवीस उभे. सगळे मिळून तीनशे चौऱ्याऐंशी. त्यात डोकं, हेल्मेट, हात, पाय आणि हातात लांब दांड्याची सांडशी बसवायची. गेम साधा आहे. मिलच्या तोंडातून लाल सळई सापासारखी बाहेर येते, ती सांडशीनं पकडून वळवायची आणि शेजारच्या खाचेत घालायची. चुकली की खेळ खलास. मोठ्या मिलांत हे काम आता यंत्र करतं, पण हातानं सळई फिरवणारी माणसं जालन्यानं खूप पाहिली आहेत. भंगार वितळवणाऱ्या भट्ट्या आणि सळया ओढणाऱ्या मिला हे या गावाचं एक पोट, बियाणं हे दुसरं. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली महिको ही बियाण्यांची कंपनी इथेच सुरू केली आणि १९९८ चं जागतिक अन्न पारितोषिकही त्यांना मिळालं. माझी भेंडी त्याच बियाण्याच्या धंद्यावर पोसलेली. मिलमधला माणूस मात्र मी कधी काढला नव्हता.

पहिला प्रयत्न सांगायची लाज वाटते, पण सांगतो. मी कोरलमध्ये एक झकास कामगार काढला. दंडाचे स्नायू, शर्टाच्या चुण्या, मिशी, हेल्मेटवरची चमक, सगळं. मग तो सोळा बाय चोवीसला लहान करून निर्यात केला. पडद्यावर जे उमटलं ते पाण्यात भिजलेल्या लेबलासारखं दिसत होतं. हेल्मेट आहे की हळदीचा डाग, कळत नव्हतं. सांडशी तर गायबच.

असं का होतं ते समजून घेण्यासारखं आहे. मोठं चित्र लहान करताना संगणक शेजारच्या रंगांची सरासरी काढतो. सांडशीचा काळा दांडा अर्ध्या ठिपक्याएवढा उरला, तर तो काळा आणि मागचा पांढरा मिसळून एक करडा ठिपका तयार करतो. सरासरी काढणाऱ्याला कुठला ठिपका महत्त्वाचा हे ठाऊक नसतं. त्याला मिशी आणि शर्टाची चुणी सारखीच. निवड माणसालाच करावी लागते, आणि पिक्सेल आर्ट म्हणतात ती कला म्हणजे ही निवडच आहे. एवढ्या थोड्या ठिपक्यांत मावणाऱ्या माणसाचं काय काय फेकून द्यायचं, हा तिचा रोजचा प्रश्न.

या कलेचा जन्म हौसेतून झाला नाही, टंचाईतून झाला. ज्यांचं बालपण नव्वदच्या दशकात गेलं त्यांना टीव्हीला जोडायचा, पिवळ्या कॅसेटवाला व्हिडिओ गेम आठवत असेल. ते यंत्र म्हणजे जपानच्या निन्टेन्डो कंपनीनं १९८३ साली काढलेल्या फॅमिकॉमची नक्कल. त्याच्या आत चित्रांची सगळी दुनिया आठ बाय आठच्या फरश्यांनी बनलेली असायची. मागचं दृश्य वेगळं आणि त्यावर सुटी हलणारी चित्रं वेगळी. या सुट्या चित्राला स्प्राइट म्हणतात. पटावरची सोंगटी समजा: पट जागच्या जागी राहतो, सोंगटी सरकते. एका सोंगटीला रंग तीन, चौथा पारदर्शक. पडद्यावर एका वेळी सोंगट्यांच्या अशा चौसष्ट फरश्या, आणि एका आडव्या ओळीत फक्त आठ. नववी आली की ती दिसतच नाही. म्हणून गेम बनवणारे आळीपाळीनं कुणाला तरी लपवायचे, आणि गर्दी झाली की शत्रू लुकलुकायचे. लहानपणी आम्ही कॅसेट काढून तिच्यात फुंकर मारायचो. त्या लुकलुकण्याशी फुंकरीचा काही संबंध नव्हता.

मारिओ याच टंचाईचं बाळ. १९८१ च्या डाँकी काँगमध्ये तो पहिल्यांदा आला तेव्हा शिगेरू मियामोतो यांच्यापुढे अडचण होती की इतक्या कमी ठिपक्यांत तोंड दाखवता येत नाही. त्यांनी मोठं नाक काढलं आणि खाली मिशी. तोंडाचा प्रश्न मिटला. केस काढले तर उडी मारताना ते हलायला हवेत, म्हणून टोपी. हात हलताना अंगावरून वेगळा दिसावा म्हणून खांद्यावरच्या पट्ट्यांची विजार, म्हणजे बाहीचा रंग एक आणि अंगाचा दुसरा. जगातल्या सगळ्यात ओळखीच्या चेहऱ्यांपैकी एक असा काटकसरीतून घडला. १९८५ च्या सुपर मारिओ ब्रदर्समधला छोटा मारिओ सोळा बाय सोळाचा आहे आणि तो चालतो फक्त तीन चित्रांत. त्याच खेळात आकाशातला ढग आणि जमिनीवरचं झुडूप हे एकच चित्र आहे. एकाला पांढरा रंग दिला, दुसऱ्याला हिरवा. आम्ही वर्षानुवर्षं त्या झुडपांजवळून पळालो आणि कुणाच्या लक्षात आलं नाही.

भाच्याला हे सगळं पाठ. त्यानं माझं कोरल बंद केलं आणि एसप्राइट उघडून दिलं. ते या कामासाठीच बनवलेलं सॉफ्टवेअर आहे. पडद्यावर रिकाम्या चौकटी, हातात एका ठिपक्याची पेन्सिल. "आधी नुसता काळा माणूस काढा," तो म्हणाला.

ही पहिली परीक्षा. माणूस पूर्ण काळ्यानं भरायचा, आत काही नाही, नुसती छायाकृती. लांबून बघून कोण आहे ते कळलं पाहिजे. कळलं नाही तर आतल्या रंगांनी ते कळणार नाही. माझ्या पहिल्या काळ्या माणसाची सांडशी पोटासमोर होती, म्हणजे काळ्यात काळी. तो क्रिकेटचा अंपायर वाटत होता. सांडशी अंगापासून बाजूला काढली, मधे दोन ठिपक्यांची मोकळी जागा सोडली, आणि एकदम कामगार उभा राहिला. ती मोकळी जागासुद्धा चित्रच आहे हे मला शाळेत असताना एलिमेंटरीच्या परीक्षेला सांगितलं होतं. तेव्हा पटलं नव्हतं.

प्रमाण बिघडवावं लागतं, हेही तेव्हाच कळलं. खरा माणूस साधारण साडेसात डोक्यांचा उंच असतो. चोवीस ठिपक्यांना साडेसातनं भागा: डोकं तीन ठिपक्यांचं. त्यात हेल्मेट काय आणि चेहरा काय. म्हणून या दुनियेतली माणसं अडीच-तीन डोक्यांची असतात, लहान मुलांसारखी. माझ्या कामगाराचं डोकं नऊ ठिपके घेतं, आणि त्यातले पाच हेल्मेटचे.

त्या हेल्मेटवर मी एक अख्खी संध्याकाळ घालवली. वरच्या ओळीत चार पिवळे ठिपके, दुसरीत सहा, तिसरीत दहा, चौथीत दहा, मग कड. आकडे ठीक वाटतात. पण दिसायला डोक्यावर गाठोडं ठेवल्यासारखं. कारण मोजा: पहिल्या ओळीवरून दुसरीवर येताना प्रत्येक बाजूला एक ठिपका वाढतो, दुसरीवरून तिसरीवर येताना दोन, मग एकदम शून्य. एक, दोन, शून्य. खऱ्या गोलाईत वाढ सतत कमी होत जायला हवी. दुसऱ्या ओळीत सहाऐवजी आठ ठिपके केले. आता वाढ दोन, एक, शून्य. दोन ठिपक्यांनी गाठोड्याचं हेल्मेट झालं.

ठिपक्यांच्या रेषेचा सगळा सौंदर्यविचार एवढ्यातच आहे. तिरकी रेघ म्हणजे जिना. पायऱ्या एका मापाच्या असल्या किंवा क्रमानं लहान-मोठ्या होत गेल्या, तर डोळा जिना विसरतो आणि रेघ बघतो. मधेच एक पायरी वेडीवाकडी आली की ठेच लागते. चित्र "साफ करणं" म्हणतात त्यात अर्धं काम अशा पायऱ्या दुरुस्त करण्याचं असतं. दुसरं म्हणजे कोपऱ्यात चुकून राहिलेले ठिपके काढणं. हातानं रेघ ओढली की वळणावर एल आकाराचा जादा ठिपका पडतो आणि रेघ तिथे सुजल्यासारखी दिसते. असे ठिपके मी गहू निवडावा तसे निवडले. कुठे पायरी फारच टोचत असेल तर तिच्या कुशीत मधल्या छटेचा एखादा ठिपका ठेवून ती बोथट करतात. मात्र हे मिठासारखं. जास्त झालं की सगळं पुन्हा भिजलेलं लेबल.

अशा छोट्या चौकटीत देवनागरीचे काय हाल होतात ते एमआयडीसीतल्या कुठल्याही गेटवरच्या सरकत्या एलईडी पाटीवर बघा. इंग्रजी अक्षराला सात ओळी पुरतात. आपल्याला शिरोरेघेची एक, वर मात्रा-वेलांटी-रफाराला चार, खाली उकाराला तीन. सोळा ओळींच्या पाटीत अक्षराच्या अंगाला उरतात आठ. त्या आठांत "क्ष" आणि "ज्ञ" ओळखू येतील असे ज्यानं बसवले असतील, त्याला माझा नमस्कार. ज्यानं बसवले नाहीत त्याच्या पाट्याही मी रोज वाचतो.

रंगांकडे आलो तेव्हा वाटलं, इथे तरी आपण उस्ताद. छापखान्याचा माणूस आहे मी. शर्ट निळा, म्हणून सावलीसाठी तोच निळा काळपट केला आणि उजेडासाठी पांढरट. शिवाय कडेनं गडद, मधे उजळ. भाचा म्हणाला, "मामा, हा माणूस नाही, उशी आहे." या चुकीला जगभर उशीवरूनच नाव पडलंय. कडेकडेनं सावली आणि मधोमध उजेड असं रंगवलं की प्रत्येक वस्तू फुगवलेल्या उशीसारखी दिसते, कारण उजेड कुठून येतोय हेच ठरलेलं नसतं.

माझ्या कामगाराचा उजेड कुठून येतो? वरून ट्यूबलाइटचा थोडा, आणि समोरून, खालून, लाल सळईचा. एकदा हे ठरल्यावर प्रत्येक ठिपक्याला आपली जागा सापडली. हेल्मेटच्या कडेची खालची बाजू नारिंगी, हनुवटी नारिंगी, पाठ निळसर अंधारात.

आणि रंग उजळवताना नुसतं पांढरं मिसळायचं नसतं, हे मला कुणी पुस्तकातून शिकवायची गरज नव्हती. त्याचं उदाहरण रोज आमच्या गावात तयार होतं. तापणारं लोखंड बघा. साधारण सहाशे अंशांना ते काळपट लाल असतं. आठशेच्या आसपास चेरीसारखं लाल. हजाराला नारिंगी. बाराशेजवळ पिवळं. ते उजळत जातं तसा त्याचा रंगही सरकतो, लालाकडून पिवळ्याकडे. पिक्सेल आर्टमध्ये चांगली रंगपट्टी अशीच बांधतात. उजेडाकडे जाताना रंग पिवळ्याकडे ढळू द्यायचा, सावलीकडे जाताना निळ्या-जांभळ्याकडे. निळ्या शर्टाची सावली मी जांभळट केली, उजेड किंचित हिरवट, आणि कापड जिवंत झालं. काळाही खरा काळा ठेवला नाही, गडद जांभळा घेतला.

पूर्ण माणसात रंग आठ. प्रत्येक रंगाला दोन-दोन नोकऱ्या दिल्या. सळईचा नारिंगी तोच हेल्मेटच्या सावलीचा नारिंगी, आणि तोच हनुवटीवरच्या चमकेचा. शर्टाच्या सावलीचा जांभळट तोच बुटांचा. यानं रंग वाचतात हे तर झालंच, पण माणूस आणि सळई एकाच शेडखाली उभे आहेत असंही वाटायला लागतं. आजच्या संगणकाला लाखो रंग फुकट आहेत, तरी ही कंजुषी का, असं मी विचारलं. भाच्यानं उत्तर दिलं नाही, त्यानं मला माझाच पहिला कामगार दाखवला. मी मोजले, त्या भिजलेल्या चित्रात शंभरावर रंग होते.

उभा माणूस झाला. आता तो हलवायचा.

हलत्या चित्राचं आपल्याकडचं घराणं जुनं आहे, आणि ते सिनेमाच्या आधीचं आहे. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९२ मध्ये शांबरिक खरोलिका नावाचा खेळ सुरू केला. काचेच्या पट्ट्यांवर हातानं रंगवलेली पात्रं दिव्याच्या उजेडानं पडद्यावर मोठी करून दाखवायची. एकाच पात्राच्या वेगवेगळ्या ठेवणी वेगवेगळ्या काचांवर रंगवलेल्या, आणि काचा झरझर बदलल्या की पात्र हललं असं वाटायचं. काचेच्या जागी ठिपके ठेवा, तो स्प्राइटच आहे. पुढे दादासाहेब फाळक्यांनी राजा हरिश्चंद्रच्या आधी, १९१२ च्या सुमारास, कुंडीत वाटाणा पेरून त्याच्या रोपाची वाढ रोज थोडी थोडी टिपली आणि सलग दाखवली. पडद्यावर कोंब सरसर वर आला. आपल्याला चलचित्र करता येतं याचा हा पुरावा होता, पैसे घालणाऱ्यालाही आणि स्वतःलाही. जालन्यात बियाण्याच्या पाकिटावर वाटाणा काढणाऱ्या माणसाला ही गोष्ट विशेष आवडते, हे कबूल करतो.

पण वाटाण्याला पाय नसतात. चालणाऱ्या माणसाचा पेच वेगळा.

चाल चार ठेवणींत पकडतात. पहिली, पुढच्या पायाची टाच जमिनीला टेकते तो क्षण. पाय सर्वांत फाकलेले. दुसरी, वजन त्या पायावर येतं आणि गुडघा किंचित दबतो. अंग सर्वांत खाली. तिसरी, मागचा पाय उभ्या पायाजवळून पुढे जातो. चौथी, चवड्यावर उचल घेऊन अंग सर्वांत वर. मग दुसऱ्या पायाची हीच चार. एकूण आठ चित्रं, आणि आठव्यानंतर पुन्हा पहिलं. मी पाय इमानदारीनं हलवले आणि तरी कामगार चालत नव्हता, जागच्या जागी कात्री चालवत होता. चूक डोक्यात होती, शब्दशः. डोकं आठही चित्रांत एकाच उंचीवर. दुसऱ्या ठेवणीला सगळं वरचं अंग एक ठिपका खाली घेतलं, चौथीला एक ठिपका वर. त्याबरोबर त्याला वजन आलं. पाय नुसते लटकत होते ते आता अंगाचा भार वाहायला लागले.

मागचं-पुढचं चित्र फिकट दिसत राहावं अशी सोय सॉफ्टवेअरमध्ये असते. तिला ऑनियन स्किन म्हणतात. कांद्याच्या पापुद्र्यासारख्या पातळ, आरपार दिसणाऱ्या कागदाचं ते नाव. पूर्वी ॲनिमेशनवाले अशाच कागदांची चळत करून खालचं चित्र बघत वरचं काढायचे.

मग आणखी एक लफडं. कामगार चालायला लागला, पण बर्फावरून घसरल्यासारखा. याचं कारण चित्रात नव्हतं, हिशोबात होतं. माझ्या चित्रात एक पाऊल आठ ठिपक्यांचं आहे. आठ चित्रांत दोन पावलं, म्हणजे सोळा ठिपके, म्हणजे प्रत्येक चित्राला दोन. एक चित्र शंभर मिलिसेकंद टिकत असेल तर माणूस सेकंदाला वीस ठिपके पुढे गेला पाहिजे. भाच्यानं वेग ठेवला होता चाळीस. टेकलेला पाय जमिनीवर जागचा हलता कामा नये, एवढं सांभाळलं की घसरणं थांबतं. यावर आमचं थोडं वाजलं. त्याला चपळ माणूस हवा होता, मला खरा. शेवटी मी पाऊल लांब केलं, त्यानं वेग कमी केला.

चालण्यापेक्षा सळई पकडण्याची हालचाल अवघड गेली. मी आधी सहा चित्रं काढली, हात मागून पुढे, सारख्या अंतरानं, सारख्या वेळेची. बघताना वाटायचं, कुणीतरी पंख्यानं वारा घालतंय. अशा अडचणीवर जॉर्डन मेकनर यांनी काढलेली तोड प्रसिद्ध आहे. १९८९ चा प्रिन्स ऑफ पर्शिया आमच्या पिढीनं कॉम्प्युटर क्लासमध्ये सरांची नजर चुकवून खेळलेला आहे. त्यातला राजपुत्र इतका माणसासारखा पळतो, कारण मेकनर यांनी आपल्या धाकट्या भावाला पळायला-उड्या मारायला लावून त्याचं व्हिडिओ शूटिंग केलं आणि त्यावरून एकेक चित्र काढलं. मिलच्या आत मोबाइल काढू देत नाहीत. म्हणून भाच्यानं मला गच्चीवर उभं केलं, हातात फरशी पुसायचा वायपर दिला आणि शूटिंग केलं. शेजारणीनं खिडकी लावून घेतली.

व्हिडिओ एकेक चित्र करून बघताना मजा कळली. मी वायपर पुढे टाकायच्या आधी मागे जात होतो. गुडघे वाकत होते, उजवा खांदा खाली, वजन मागच्या पायावर. ही तयारी बराच वेळ चालते. प्रत्यक्ष फटका मात्र दोन-तीन चित्रांत संपतो, इतका की वायपर नुसता पुसट पट्टा दिसतो. आणि पकडल्यावर अंग लगेच थांबत नाही, भारानं थोडं पुढे ओढलं जातं, मग सावरतं. म्हणजे वेळ सारखा वाटायचाच नाही. आता माझ्या कामगाराची तयारीची ठेवण दोनशे मिलिसेकंद टिकते. झेप पन्नास. त्या पन्नासातल्या चित्रात सांडशी नाहीच, तिच्या जागी कोयत्यासारखा एक करडा फराटा आहे. मग पकड, अडीचशे मिलिसेकंद, हलायचं नाही. शेवटी सावरणं. सहाऐवजी चारच चित्रं, आणि हालचालीत धमक आली. दोन चित्रं काढून टाकल्यानं ती आली, हे मी अजून मित्रांना पटवू शकलेलो नाही.

एका ठिपक्यापेक्षा कमी हालचाल कशी दाखवायची, हाही एक सुंदर पेच आहे. उभा माणूस श्वास घेतो तेव्हा छाती अर्धा ठिपकाच वर यायला हवी. अर्धा ठिपका अस्तित्वात नसतो. तेव्हा कड जागेवरच ठेवायची आणि आतला उजेड सरकवायचा. छातीवरच्या उजळ ठिपक्यांची ओळ एका घरानं वर घेतली, जुन्या जागी मधली छटा ठेवली, की बाहेरची आकृती तसूभर न हलता छाती फुगल्याचा भास होतो.

डावीकडे तोंड असलेला माणूस वेगळा काढायचा का? कुणी काढत नाही, आरशासारखा उलटवतात. त्यात गमती होतात. स्ट्रीट फायटर २ मधल्या सगाटच्या डोळ्यावर पट्टी आहे. तो वळला की पट्टी दुसऱ्या डोळ्यावर जाते. आमचा कामगार वळला की डावखुरा होतो. मी हौसेनं त्याच्या शर्टाच्या पाठीवर "जा" लिहिलं होतं, पाच बाय पाचमध्ये, मोठ्या मेहनतीनं. उलटल्यावर काना आधी आला. पुसून टाकलं.

चित्रं संपली, आता ती गेममध्ये पोचवायची. सगळ्या ठेवणी एका लांब पट्टीवर समान चौकटीत मांडतात, म्हणजे प्रोग्रॅमला तिसरी चौकट, चौथी चौकट असं मोजून उचलता येतं. माझी पट्टी मी व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवली. पलीकडे पोचली तेव्हा पारदर्शक पार्श्वभूमी भरली गेली होती आणि प्रत्येक ठिपक्याभोवती घाण जमा झाली होती. फोटो पाठवताना व्हॉट्सॲप त्याचं जेपेग करतं. जेपेगला पारदर्शकता माहीत नाही, आणि तो आठ बाय आठच्या ठोकळ्यांत रंग दाबून बसवतो. सूर्यास्ताच्या फोटोला चालतं. इथे एकेक ठिपका मोजून ठेवलेला. तेव्हापासून पीएनजी, आणि तीही डॉक्युमेंट म्हणून.

पडद्यावर मोठं करतानाही हिशोब लागतो. भाच्याचा गेम तीनशेवीस बाय एकशेऐंशी ठिपक्यांत चालतो. सहापट केला की बरोबर एकोणीसशेवीस बाय एक हजार ऐंशी, म्हणजे नेहमीचा एचडी पडदा. एका ठिपक्याचे सहा बाय सहा होतात, सगळ्यांचे सारखे. साडेपाचपट केलं असतं तर काही ठिपके पाचाचे, काही सहाचे झाले असते आणि चालताना कामगाराचं हेल्मेट पाण्यासारखं थरथरलं असतं. दोन सेटिंग सांभाळायची: पूर्णांकात वाढवा, आणि वाढवताना शेजारचे रंग मिसळू नका.

एवढं सगळं झाल्यावर मी खूश होतो. भाच्यानं पाळी सुटताना मोबाइलवर गेम एका जुन्या जाणत्या माणसाला दाखवला. हे गृहस्थ बदनापूरकडचे, वीसेक वर्षं सळई फिरवलेले, आता गेटवर बसतात. मी शेजारी उभा होतो, शाबासकीच्या तयारीत. त्यांनी स्क्रीन डोळ्यांपासून लांब धरली. सळई आली, माझा कामगार मागे झुकला, झेपावला, पकडली.

"चित्र चांगलंय," ते म्हणाले. "पण असा उभा ऱ्हायला तर पहिल्याच दिवशी मरंल हा."

का, ते त्यांनी तोंडानं सांगितलं नाही. मोबाइल माझ्या हातात दिला आणि रस्त्याच्या कडेला उभे राहून दाखवलं. सळईच्या सरळ रेषेत कुणी उभं राहत नाही. ती खाचेतून सुटली तर तोंडावर येते. अंग बाजूला, डावा पाय पुढे, उजवा बराच मागे आणि बाहेर वळलेला, म्हणजे पळायचं झालं तर पहिलं पाऊल आधीच टाकलेलं असतं. नजर सळईच्या टोकावर नाही, ती जिथून निघते त्या तोंडावर. साठीच्या पुढचा माणूस, हातात काही नाही, आणि तरी मला सांडशी दिसली.

त्या रात्री मी कामगाराचा उजवा पाय तीन ठिपके मागे घेतला. पाय हलला तशी कंबर हलली, कंबरेबरोबर खांदा, आणि खांद्याबरोबर सांडशी पुन्हा पोटासमोर आली, काळ्यात काळी. भाच्याला फोन करून सांगितलं, पट्टी रविवारपर्यंत मिळणार नाही, चारही चित्रं नव्यानं काढतोय.